मुलांचे वर्तन : हट्ट, मौन आणि समजूत

भंडारा जिल्ह्यातील तुमसरहून निघालेला लोहमार्ग राज्याची सीमा ओलांडून मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात तिरोडीला पोहोचतो. मँगनीजच्या खाणीसाठी परिचित असलेल्या या सीमावर्ती भागात मराठी, पोवारी आणि हिंदी या भाषा शेजारी शेजारी नांदतात. शिक्षण मात्र प्रामुख्याने हिंदीतून चालते. घरात मराठी ऐकत वाढलेले तीन वर्षांचे मूल अशा ठिकाणी अंगणवाडीत येते, तेव्हा ते काही काळ गप्प राहू शकते, दाराशी रडू शकते किंवा शेजारच्या मुलाला ढकलू शकते. त्याला ‘घुमे’ अथवा ‘हट्टी’ ठरवणे सोपे असते. घरी कोकणी वा मराठी आणि शाळेत इंग्रजी ऐकणाऱ्या गोव्यातील मुलांच्या वाट्यालाही हाच शिक्का येऊ शकतो.

वयानुरूप वर्तन

दीड ते तीन वर्षांच्या मुलाच्या इच्छा मोठ्या आणि शब्दसंग्रह तोकडा असतो. त्यामुळे आक्रस्ताळेपणा, चावणे, वस्तू हिसकावणे हे या वयात सर्रास आढळते. प्रत्येक गोष्टीला ‘नाही’ म्हणणे ही स्वतंत्र अस्तित्वाच्या जाणिवेची खूण होय. तीन ते पाच या वयात प्रश्नांची सरबत्ती सुरू होते, अंधाराची भीती वाटते आणि कल्पित गोष्टी खऱ्या म्हणून सांगितल्या जातात. त्यांना लबाडी म्हणणे योग्य नव्हे.

याच काळात रडणाऱ्या भावंडाजवळ जाणे, खाऊ वाटून घेणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे हे गुणही अंकुरतात. त्यांचा गोंगाट होत नसल्याने मोठ्यांचे तिकडे दुर्लक्ष होते. ‘शहाणा मुलगा’ असे मोघम कौतुक करण्यापेक्षा ‘तू बहिणीला चेंडू दिलास’ असे नेमके सांगितल्यास ते वर्तन दृढ होते.

मूल नव्हे, शाळा बदलावी

मारिया माँटेसरी यांनी 1907 मध्ये रोम येथे ‘बालगृह’ सुरू केले. गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर स्थापन केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच पाड्यावरील अंगणात नेली आणि शिंपले, पाने, खडे यांचे शैक्षणिक साहित्य केले. 1957 मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुलाच्या परिसराला आणि बोलीला शाळेत जागा मिळाली की मुलाची भीड चेपते, हा या प्रयोगाचा धडा आहे.

मोठ्यांनी काय करावे

संतापाच्या भरात उपदेश निरुपयोगी ठरतो. मुलाला इजा होणार नाही हे पाहून जवळ थांबावे. ते शांत झाल्यावर ‘तुला राग आला होता’ असे भावनेला नाव द्यावे. नियम थोडे असावेत. पण आई, वडील, आजी यांनी ते सारखेच पाळावेत. मारल्याने मूल मारणेच शिकते. नव्या भाषेत बुजलेल्या मुलाशी सेविकेने त्याच्या घरच्या भाषेतील दोन शब्द बोलले, तरी त्याला धीर येतो.

सल्ला केव्हा घ्यावा

घरी मोकळेपणाने बोलणारे मूल शाळेत आरंभी गप्प असेल, तर ते बहुधा नवी भाषा कानांत साठवत असते. मात्र शाळेतील मौन काही महिन्यांनंतरही सुटले नाही, मूल घरीही बोलत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, दोन वर्षे पूर्ण होऊनही दोन शब्द जोडत नसेल किंवा आलेले कौशल्य गमावत असेल, तर श्रवणचाचणी व बालरोगतज्ज्ञांचा सल्ला विनाविलंब घ्यावा. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत अंगणवाडीतील मुलांची तपासणी होते व आवश्यकतेनुसार त्यांना पुढील उपचारांसाठी पाठवले जाते. पालकांनी आपली शंका त्या तपासणीच्या वेळी आवर्जून सांगावी.