तळटीप १४ : हातातून सुटलेली कांडी

१४. भिवंडीच्या यंत्रमागावर धोट्यात बसवलेली बाण्याची कांडी स्वतः फिरत नाही. सूत तिच्या टोकावरून निसटत जातं. सुताचं टोक बोटांत धरून भरलेली कांडी आडवी सोडली, तर मात्र ती गरगरत उलगडते. पण लेखकाला वाटते तितकी सावकाश नाही. सूत बाहेरच्या कडेवरून सुटतं. कांडी भरीव दंडगोल मानली, तर तिचं त्वरण गुरुत्वत्वरणाच्या दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे ६.५ मी./से.², आणि बोटांवर ताण तिच्या वजनाच्या एक तृतीयांश.

खरा संथपणा यो-योचा. दोरी बारीक आसावर, वजन मात्र दूर चकत्यांत. त्यामुळे उतरताना मिळणारी बहुतेक ऊर्जा फिरण्यातच खर्ची पडते. चकतीची त्रिज्या ३ सें.मी. आणि आसाची अर्धा सें.मी. धरली (आसाचं व दोरीचं वजन सोडून), तर त्वरण गुरुत्वत्वरणाचा एकोणिसावा हिस्सा उरतं. मीटरभर उतरायला जवळपास २ सेकंद. मोकळा सोडला तर अर्धा सेकंदही लागत नाही. यो-यो जड घेतला म्हणून काही बदलत नाही, त्रिज्यांचं प्रमाण बदललं तरच बदलतं. दोरी संपून तो वर चढू लागतो, तेव्हाही त्वरण खालच्याच दिशेला असतं. – संपा.