मोहोरबंद दौत

लेखनसाधनांचा इतिहास सांगणारे विद्वान लेखणीचे जितके कौतुक करतात त्याच्या दशांशही दौतीचे करीत नाहीत, आणि दौत रिकामी झाली म्हणजे ती भरावयाची कोणी, हा प्रश्न तर त्यांना विचारात घेण्याजोगाही वाटत नाही. मला मात्र तो प्रश्न महत्त्वाचा वाटतो. कारण घरोघरी इंकजेट प्रिंटर आल्यानंतर तीसेक वर्षे त्याच प्रश्नावर मोठमोठ्या कंपन्या आणि गल्लीबोळांतले दुकानदार यांच्यात जो झगडा चालला, त्याचे मूळ दौतीवरच्या हक्कातच सापडते.

मराठेशाहीच्या दफ्तरांत कागद-शाईसारखा किरकोळ खर्च सादिलवार या सदराखाली पडे. दिव्याच्या ज्योतीवर धरलेले काजळ बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात घालून खलात दीर्घकाळ घोटावे, दौतीत ओतावे, बोरू बुडवून मोडीची ओळ ओढावी आणि ओल्या अक्षरांवर वाळू भुरभुरावी, असा तो साधा शिरस्ता होता. शाई कोठून आली, किती दाट ठेवावी, दौत केव्हा भरावी, हे लिहिणाऱ्याच्याच हाती असे. आणि ती शाई अशी चिवट होती, की पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमाल उघडून पाहिले तर आजही त्यांतील अक्षरे काळीभोर दिसतात. इंग्रजी अमदानीत टाक आणि पुढे फाउंटनपेन आले, विलायती शाईच्या बाटल्या बाजारात दिसू लागल्या, तरीही हा अधिकार सुटला नाही. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी १९३१ साली मुंबईत गिरगावात ‘हॉर्स ब्रँड’ नावाने जो व्यवसाय आरंभिला, ज्यातून पुढे कॅम्लिन ही कंपनी उभी राहिली, त्याचा आरंभीचा माल म्हणजे शाईची पूड आणि शाईच्या गोळ्या. त्या पाण्यात विरघळवून शाई सिद्ध करण्याचे काम गिऱ्हाइकाच्याच घरी होत असे. म्हणजे कारखाना निघाला, स्वदेशीचा शिक्का बसला, परंतु दौत भरणारा हात घरचाच राहिला.

हा हात दूर सारण्याचा पहिला गंभीर प्रयत्न इंकजेटने केला, आणि गंमत अशी, की त्या यंत्राचा जन्मच एका सिरिंजपाशी झाला. जपानमधील कॅनन कंपनीचे संशोधक इचिरो एंडो यांच्या प्रयोगशाळेत १९७७ साली डाक लावण्याची तापलेली सळई शाईने भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि सुईच्या टोकातून शाई उसळली, अशी हकिकत ती कंपनी स्वतःच सांगते. उष्णतेने क्षणार्धात वाफेचा बुडबुडा उत्पन्न होतो आणि तो शाईचा थेंब पुढे ढकलतो, या तत्त्वावर तिकडे जपानात आणि जवळजवळ त्याच सुमारास अमेरिकेत ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत जॉन व्हॉट व त्यांचे सहकारी यांनी स्वतंत्रपणे काम केले. त्या अमेरिकी कंपनीचा ‘थिंकजेट’ १९८४ साली बाजारात आला. त्याच्या शाई फेकणाऱ्या शीर्षाला अवघी बारा छिद्रे होती. वारंवार तापणारे हे नाजूक शीर्ष फार काळ टिकत नाही हे ध्यानी आल्यावर अभियंत्यांनी ते यंत्रात कायमचे न बसवता शाईच्या डबीलाच जोडून टाकले, जेणेकरून शाई संपताच शीर्षासह डबी फेकून द्यावी आणि नवी बसवावी. ही युक्ती तांत्रिक अडचणीतून निघाली होती आणि तीत कपट नव्हते, हे न्यायाने नमूद केले पाहिजे. कपट म्हणावयाचे तर ते पुढे जमाखर्चाच्या वहीत शिरले.

कारण एकदा दौत आणि शाई एकत्र मोहोरबंद झाल्यावर प्रिंटर तोट्यात विकून ती तूट शाईतून भरून काढण्याचा मार्ग आपोआप मोकळा झाला. प्रिंटरची किंमत इतकी उतरली, की काळे व रंगीत अशी दोन नवी कार्ट्रिजे घेण्यापेक्षा नवा प्रिंटरच घ्यावा की काय, असा विचार सुज्ञ गृहस्थाच्याही मनात डोकावू लागला. आणि दुसरीकडे डबीतील शाई आटत गेली. १९९५ च्या सुमारास ह्यूलेट-पॅकार्डच्या ४५ क्रमांकाच्या काळ्या कार्ट्रिजमध्ये ४२ मिलिलिटर शाई असे. दहा वर्षांनंतर घरोघरी दिसणाऱ्या २१ क्रमांकाच्या कार्ट्रिजमध्ये ती अवघी ५ मिलिलिटर भरली, जरी त्या डबीत त्याच्या दुप्पट शाई सहज मावत होती. ही शेवटची गोष्ट कोणत्याही जाहिरातीत छापलेली नव्हती. ती उघडकीस आणली ज्यांनी सुई घेऊन ती डबी भरून पाहिली त्यांनी.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत आणि हळूहळू तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानांतही रिफिलचे सामान मिळू लागले: चार रंगांच्या बाटल्या, सिरिंजा, सुया आणि फार तर पातळ हातमोजे. पद्धत अशी, की कार्ट्रिजवरचे लेबल हलकेच सोलावे, खाली दिसणाऱ्या बारीक छिद्रांत दात कोरण्याची काडी घालून कोणत्या कप्प्यात कोणता रंग आहे याची खातरजमा करावी, आणि मग सुई आतल्या स्पंजात खोल नेऊन शाई अत्यंत सावकाश सोडावी. घाई करणाऱ्याचा येथेच घात होई. तो स्पंज निव्वळ साठवणीसाठी नसतो. शाई मागे ओढून धरून तळाच्या छिद्रांतून ती आपोआप गळू नये हे त्याचे खरे काम असते, आणि तो गच्च भरला की ही ओढ नाहीशी होऊन शाई टपकू लागते. म्हणून जाणता माणूस शाई छिद्राशी आलेली दिसताच सिरिंजने थोडी परत खेची, लेबल पुन्हा चिकटवी, आणि किंचित ओल्या कागदी रुमालावर कार्ट्रिजचा तळ टेकवून तीन रंगांचे तीन पट्टे स्वच्छ उमटतात की नाही ते पाही. या सर्व उद्योगात बोटांवर जी रंगपंचमी होई ती साबणाला दाद देत नसे.

दुसरा नियम कमी लोकांना ठाऊक होता, आणि त्याच्या अज्ञानाने असंख्य कार्ट्रिजे वाया गेली. उष्णतेने चालणाऱ्या शीर्षाला थंड ठेवण्याचे काम त्यातून वाहणारी शाईच करते. तेव्हा अक्षरे पुसट झाल्यावरही आणखी दहा पाने रेटून काढणारा काटकसरी मनुष्य त्यातले तापक जाळून टाकी आणि मग दोष रिफिल करणाऱ्याच्या माथी मारी. वैशाखात विदर्भ-मराठवाड्याकडे महिनाभर न वापरलेल्या कार्ट्रिजची छिद्रे सुकून बंद होत. त्यावर कोमट पाण्याच्या बशीत तळ बुडवून ठेवण्याचा उपाय बहुधा लागू पडे. एप्सन कंपनीच्या प्रिंटरचा मामला वेगळा होता. १९९३ च्या ‘स्टायलस ८००’ पासून त्या कंपनीने उष्णतेऐवजी विजेने आकसणाऱ्या-फुगणाऱ्या स्फटिकांचा उपयोग केला आणि शीर्ष यंत्रातच कायम ठेवले, त्यामुळे तेथे शाई सुकली तर डबीपुरते नुकसान न राहता सगळा प्रिंटरच अडून बसे.

शाईच्या जातीविषयी दुकानदारांनी जी बेपर्वाई दाखवली तिचे समर्थन करता येणार नाही. अनेक कार्ट्रिजांतील मूळ काळी शाई सूक्ष्म कार्बनकणांची, म्हणजे आपल्या खलातल्या काजळाच्याच गोत्राची असते. ती कागदाच्या पृष्ठभागावर राहते आणि पाण्याला भीत नाही. रंगीत शाई बहुतकरून पाण्यात विरघळलेल्या रंगद्रव्याची. स्वस्ताईसाठी काळ्या कप्प्यातही अशीच विरघळणारी शाई भरली, की श्रावणातल्या दमट कागदावर अक्षरांना केस फुटत, आणि एखादा थेंब पडला तर अर्जावरचे नाव ओघळून जाई. अशा शाईत छापलेले कित्येक दाखले आणि फोटो पाच-सात वर्षांत फिके पडले. त्या बाबतीत पेशव्यांचा कारकून अधिक सावध होता.

कंपन्या अर्थातच स्वस्थ बसल्या नाहीत. कार्ट्रिजवर चिप आली. ती शाई मोजत नसे, उडालेल्या थेंबांचा हिशेब ठेवी, आणि तो हिशेब पुरा झाला की डबी काठोकाठ भरलेली असली तरी ‘शाई संपली’ असा निर्वाळा देई. लागलीच हिशेब पुन्हा शून्यावर आणणारी ‘रिसेटर’ नावाची इवलीशी उपकरणे बाजारात आली. अमेरिकेत प्रकरणे न्यायालयात गेली. लेक्समार्क कंपनीच्या दाव्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली असा निकाल दिला, की कंपनीने एकदा विकलेल्या कार्ट्रिजवर तिचा पेटंटचा हक्क उरत नाही. तो दावा लेझर प्रिंटरच्या टोनरचा होता, तरी तत्त्व तेच.

आशियातला निकाल मात्र त्याच्या कितीतरी आधी आणि न्यायाधीशावाचून लागला. येथले कारागीर एकेक कार्ट्रिज भरण्याच्या पलीकडे गेले होते; प्रिंटरच्या कुशीला शाईच्या चार बाटल्या बांधून पारदर्शक नळ्यांनी त्या थेट शीर्षाशी जोडण्याची व्यवस्था ते सर्रास करून देत, आणि एप्सनच्याच यंत्रांवर ही जोडणी उत्तम चाले. हा बंदोबस्त मोडून काढण्याऐवजी कंपनीने तोच उचलला. २०१० साली तिने इंडोनेशियात बाजूला टाकी आणि सोबत शाईच्या बाटल्या असलेला ‘एल १००’ विक्रीस आणला, प्रिंटरची किंमत चढी ठेवली आणि शाईची उतरवली. पुढे भारतातही ही यंत्रे आली, आणि कॅनन व ह्यूलेट-पॅकार्ड यांनाही त्याच वाटेने जावे लागले. बाटली उघडून टाकीत शाई ओतणे हे आता कंपनीच्याच पुस्तिकेत चित्रासह शिकवले जाते.

त्यामुळे रिफिलच्या दुकानांचे एक काम गेले, परंतु सगळे नाही. शीर्ष साफ करताना वाया जाणारी शाई टाकीच्या प्रिंटरमध्येही तळाच्या एका जाड गादीत मुरते, तिचाही हिशेब यंत्र ठेवते, आणि मर्यादा भरली की प्रिंटर छापणे थांबवतो. गादी बदलून तो हिशेब शून्यावर आणून देणे, हे सध्या त्या दुकानदारांचे चालू काम आहे. आणि गादी काढून धुऊन, उन्हात वाळवून परत बसवणारी मंडळीही त्यांच्या गिऱ्हाइकांत आहेत.