तेरणा-मांजरेचे मासे आणि तीन राज्ये



आजचा विषय व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर थोडा अनोळखी वाटेल. इतिहास म्हटला की गड, लढाया आणि राजघराणी आपल्या डोळ्यांपुढे येतात. नदीतल्या माशास इतिहास असतो, आणि त्या इतिहासात राज्यांच्या सीमा, कायदे व करार यांचे ठसे उमटलेले असतात, हे सहसा आपल्या ध्यानी येत नाही. आम्ही येथे जे सांगणार आहो ते एवढ्याचपुरते आहे. जागाही आम्ही लांबची घेतलेली नाही. धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुक्यात माकणी गाव आहे. तेथे तेरणा नदीवर निम्न तेरणा प्रकल्पाचे मातीचे धरण आहे. त्या धरणाच्या भिंतीवर उभे राहिले की एका अंगास जलाशय दिसतो आणि दुसऱ्या अंगास पुढे निघालेली नदी. ही तेरणा सीमाभागात मांजरेस मिळते. मांजरा कर्नाटकातील बीदर जिल्ह्यातून तेलंगणात उतरते, सिंगूर आणि निजामसागर हे दोन मोठे जलाशय भरते, मग उत्तरेस वळून नांदेड जिल्ह्याची कड शिवते आणि कंदकुर्तीपाशी गोदावरीत विलीन होते. नदी एक, राज्ये तीन. पाणी तेच, मासाही बहुतेक तोच. परंतु तो धरण्याचा हक्क कोणाचा, त्याचे बीज कोणी सोडावयाचे आणि तोट्याच्या वर्षाचा भार कोणी सोसावयाचा, या प्रश्नांची उत्तरे तिन्ही ठिकाणी निरनिराळी. ही उत्तरे वेगळी का झाली, हे पाहणे हाच आजचा विषय.

या मुलखास माशांविषयीची विद्या नवी नाही. माकणीहून पूर्वेकडे फार दूर नसलेले कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, ही चालुक्यांची राजधानी होती. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. राजाच्या करमणुकींत त्याने मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण घातले आहे. त्यात सुमारे ३५ जातींचे मासे, त्यांचे खवल्यांचे व बिनखवल्यांचे भेद, आणि कोणत्या माशास कोणते खाद्य घालावे याची माहिती येते. म्हणजे मासा पकडण्याआधी त्यास पोसावा लागतो, ही गोष्ट या प्रांतात नऊशे वर्षांपूर्वी लिहिली गेली होती. पुढे एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांवर निबंध लिहिला. त्याने अनेक माशांस शास्त्रीय नावे देताना इथल्या कोळी-भोयांच्या तोंडची नावेच उचलली. ‘कोलस’, ‘पोटेल’, ‘मसुल्ला’, ‘फुलंगी’ असे शब्द आजही जगभरच्या मत्स्यशास्त्राच्या पुस्तकांत लॅटिन वेषात वावरत आहेत. नाव ठेवणारा साहेब. पण ओळख करून देणारा मात्र नदीकाठचा माणूस होता, हे विसरू नये.

आता कायद्याकडे वळू. १८९७ साली इंग्रज सरकारने हिंदी मत्स्योद्योगाचा कायदा केला. सुरुंगाने व विष कालवून मासे मारण्यास त्याने बंदी घातली, आणि जाळ्याचे आस किती असावे, कोणत्या ऋतूत मासेमारी बंद ठेवावी, याचे नियम करण्याचा अधिकार प्रांतांस दिला. परंतु हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. बार्शी इंग्रजी अमलाखाली आणि धाराशिव निजामी अमलाखाली. मध्ये काही कोसांचे अंतर. एका गावास जो कायदा लागू, तो शेजारच्या गावास आपोआप लागू नव्हता. शेजारी राज्यांचे माशांबाबतचे नियम वेगळे असणे, ही गोष्ट आपल्याकडे अशी जुनीच आहे.

निजामी राज्याच्या पोटातही दोन वेगळे मुलूख नांदत होते. तेलंगणाची जमीन तळ्यांची. काकतीय राजांच्या काळापासून तेथे गावोगाव बांध घालून पाणी साठविलेले. २०१५ साली त्या राज्याने तळ्यांच्या दुरुस्तीची ‘मिशन काकतीय’ ही योजना काढली, तेव्हा सुमारे ४६,००० तळी हिशेबात धरली होती. जेथे तळे, तेथे तळ्यावर पिढ्यान्‌पिढ्या हक्क सांगणारा मच्छिमार समाज. गंगपुत्र, बेस्त, मुदिराज ही त्यांची नावे. मराठवाडा मात्र विहिरींचा आणि नदीतल्या डोहांचा. येथला भोई, कोळी, कहार उन्हाळ्यात डोहावर जगे आणि पावसाळ्यात नावेवर. डोहास सातबारा नसतो. पुढे स्वातंत्र्यानंतर सरकारने नद्या अडवून धरणे बांधली, तेव्हा हे डोह पाण्याखाली गेले आणि त्यांच्या जागी मोठा जलाशय आला. तेलंगणात जुन्या तळ्यास जुना हक्कदार होता. मराठवाड्यातल्या नव्या जलाशयास कोणीच जुना हक्कदार नव्हता. आमच्या मते आजच्या फरकाचे मूळ येथे आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात, बीदर-गुलबर्गा म्हैसूर राज्यात आणि तेलंगण आंध्र प्रदेशात गेला. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टाने मत्स्यव्यवसाय हा विषय राज्यसूचीत घातलेला होताच. खोल समुद्रातली मासेमारी तेवढी केंद्राकडे. त्यामुळे काल एका सरकारची असलेली मांजरा आज तीन सरकारांची झाली. पाण्याचा तंटा उभा राहिला तेव्हा १९६९ साली गोदावरी पाणीतंटा लवाद नेमला गेला व १९८० साली त्याचा अंतिम निवाडा आला. पाण्याचे वाटप झाले. माशांचा हिशेब मात्र ज्याच्या त्याच्या वहीत वेगळा राहिला.

याच सुमारास माशांच्या बिजाच्या इतिहासात एक मोठी घटना घडली. तोवर कटला, रोहू, मृगळ यांसारख्या माशांचे बीज पावसाळी पुरात बंगालच्या नद्यांतून गोळा करीत आणि रेल्वेने दूरदूर पाठवीत. हे मासे कोंडलेल्या पाण्यात अंडी घालीत नसत. १० जुलै १९५७ रोजी ओरिसात हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी माशाच्या मेंदूलगतच्या ग्रंथीचा अर्क टोचून तलावातल्या माशांकडून अंडी घालविली. आज तो दिवस देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. या शोधाने मत्स्यबीज नदीच्या पुरातून निघून सरकारी केंद्राच्या हौदात आले. जिऱ्याएवढे असते ते मत्स्यजिरे, इंचभर झाले की मत्स्यबीज, आणि बोटाएवढे वाढले की बोटुकली. हे तीन शब्द ध्यानात ठेवावेत, कारण तीन राज्यांच्या धोरणांतला बराचसा फरक या तीन आकारांत सामावलेला आहे.

मोठ्या जलाशयात लहान बीज सोडणे म्हणजे शिवडा आणि मरळ यांना मेजवानी देणे होय. हे शिकारी मासे इंचभराचे बीज आठवडाभरात फस्त करतात. म्हणून बारमाही जलाशयात ८० ते १०० मिलिमीटरची बोटुकली सोडावी, असे जाणकार सांगतात. परंतु बोटुकली वाढवावयास संगोपनाचे तळे हवे, दोन-तीन महिन्यांचे खाद्य हवे, राखण हवी. म्हणजेच पैसा हवा. हा पैसा कोणाचा?

महाराष्ट्राचे उत्तर ठेक्याचे. १९६० च्या मत्स्यव्यवसाय कायद्याच्या चौकटीत येथे जलाशयातील मासेमारीचा हक्क मुदतीच्या ठेक्याने दिला जातो, बहुधा मच्छिमारांच्या सहकारी संस्थेस. ठेक्याची रक्कम संस्थेने भरावयाची आणि ठरलेले बीजही तिनेच सोडावयाचे. २०१७ मध्ये हे धोरण बदलले आणि २०१९ मध्ये त्यात पुन्हा दुरुस्ती झाली. कर्नाटकात १९९६ चा अंतर्देशीय मत्स्यव्यवसायाचा स्वतंत्र कायदा आहे. तेथेही ठेका आहे, कोठे परवाना आहे, आणि लहान तळी ग्रामपंचायतींकडे आहेत. तेलंगणाने मात्र वेगळी वाट धरली. तेथे हक्क मच्छिमार संस्थांचा, आणि २०१६ पासून बीज सरकारी खर्चाने फुकट. हंगामी तळ्यांस लहान आकाराचे, बारमाही जलाशयांस ८० ते १०० मिलिमीटरचे.

यांपैकी कोणते बरे? वरवर पाहता तेलंगणाचे, असे कोणीही म्हणेल. पण फुकट मिळालेले बीज मोजून घेण्याची हौस घेणाऱ्यास कमी असते, आणि देणारा कंत्राटदार असला तर त्यासही कमीच. उलट स्वतःच्या खिशातून पैसे भरणारी संस्था एकेक पिशवी मोजून घेते. परंतु खिसा रिकामा असला की ती बोटुकलीऐवजी स्वस्तातले बीज आणते आणि शिवड्याचे पोट भरते. दोन्हीकडे दोष आहेत, आणि ते एकमेकांच्या उलट आहेत.

या दोषांची खरी परीक्षा दुष्काळात होते. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिले. ज्या भागात पिण्याच्या पाण्याची ही दशा, तेथील जलाशयात मासा कोठून राहणार? पाणी तळाशी गेले की असलेला मासा घाईने काढावा लागतो, भाव पडतो, आणि पुढच्या पावसाला पुन्हा शून्यापासून आरंभ. धरणाच्या काठी थर्माकोलच्या तराफ्यावर जाळे घेऊन बसलेल्या एका वृद्ध भोयाशी आमचे बोलणे झाले. बीज किती सोडता, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, “साहेब, बीज सोडायला काय, सोडू की. पण ठेका पाच वरसांचा, आन्‌ पाऊस त्याला इचारून येत न्हाई. दोन साल कोरडी गेली तर आमच्या वाट्याला तीनच ऱ्हायली.” या तीन वाक्यांत ठेक्याच्या पद्धतीवरची जी टीका आहे, ती आम्हांस कोणत्याही अहवालात इतकी नेमकी आढळली नाही. ज्याचा हक्क उद्या संपणार, तो परवाच्या माशासाठी आज खर्च का करील?

याचे एक उत्तर आपल्या उत्तरेच्या शेजाऱ्याकडे, मध्य प्रदेशात, एकदा सापडले होते. तवा धरणाने विस्थापित झालेल्या आदिवासींच्या संघास १९९६ साली त्या जलाशयातील मासेमारीचा हक्क मिळाला. ज्यांची शेते पाण्याखाली गेली, तेच पाण्याचे राखणदार झाले. त्यांनी बीज सोडले आणि प्रजननाच्या दिवसांत जाळी बंद ठेवली. हा हक्क २००६ अखेर संपला. तो प्रयोग दहा वर्षेच चालला, पण काठावरच्या माणसास हक्क दिला तर तो पाण्याची निगा राखतो, एवढे त्याने दाखविले. तिकडे तुंगभद्रेवर १९५३ पासून असलेल्या संयुक्त मंडळाच्या कामांत पाण्यावीजेबरोबर मत्स्यव्यवसायही आहे. उत्तर अमेरिकेतील पाच महासरोवरांवर अमेरिका आणि कॅनडा या दोन देशांनी १९५४ साली करार करून संयुक्त आयोग नेमला, कारण रक्त शोषणाऱ्या लॅम्प्रे माशाने दोन्ही किनाऱ्यांचा मासा सारखाच संपवीत आणला होता. संकटास सीमा कळत नाही, हे दोघांनाही पटले. मग एकाच हैदराबाद राज्यातून निघालेल्या तीन राज्यांस मांजरेपुरती एक सामाईक वही ठेवणे अशक्य का असावे? वरच्या धरणात कोणते बीज सोडले, कोणत्या महिन्यात जाळी बंद, जाळ्याचे आस किती, एवढे जरी त्या वहीत नोंदले तरी पुष्कळ झाले. पुरात वरच्या जलाशयातला मासा खालच्या राज्यात जातोच. १९५२ साली बाहेरून देशात आणलेली तिलापिया उजनीत ‘चिलापी’ होऊन बसली आणि तिने जुन्या जातींची जागा घेतली, हे आपण शेजारीच पाहतो.

शेवटी एक लहानशी गोष्ट. तेलंगणाने आपला राज्यमासा म्हणून मरळ निवडला. कर्नाटकानेही गोड्या पाण्यातला निवडला. महाराष्ट्राने २०२३ साली निवडला तो पापलेट. कोकणच्या किनाऱ्यास तो शोभून दिसतो, याविषयी वाद नाही. पण माकणीच्या माणसाने पापलेट बाजारात बर्फावरच पाहिलेला. त्याच्या जाळ्यात येणारे वाम, मरळ, शिंगाळा आणि साइक्सने ज्यांची मराठी नावे लॅटिनात नेली ते मासे यांची नोंद कोणत्याच मानपत्रात नाही.

माकणीचे धरण देशास ठाऊक झाले ते एका दुःखद कारणाने. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर या जलाशयाचा त्याच्याशी काही संबंध आहे काय, यावर शास्त्रज्ञांत बराच खल झाला आणि त्यांची मते भिन्न राहिली. त्या धक्क्याने घरे गमावलेली माणसे आज याच पाण्याच्या आसपास राहतात. आम्ही परतलो तेव्हा संध्याकाळ होत होती. तो वृद्ध भोई जाळे गोळा करून काठाला लागला. त्याच्या टोपलीत चार-सहा चिलापी होत्या आणि तळाशी एक हातभर लांबीची वाम. चिलापी विकावयाची, वाम घरी न्यावयाची, असे तो म्हणाला.