कन्नमवार नगर: स्वस्त घराचा भार कुणी उचलला?

१/ विक्रोळी स्थानकातून पूर्वेस जाऊन द्रुतगती महामार्ग ओलांडला की कन्नमवार नगर लागते. जुन्या बैठ्या उंचीच्या इमारतींशेजारी आज तेथे उत्तुंग मनोरे उभे राहत आहेत. या बदलामागे सहा-सात दशकांचा इतिहास आहे.

२/ फाळणीनंतर मुंबईत घरांची तीव्र टंचाई होती. १९४८ च्या कायद्यान्वये गृहनिर्माण मंडळ स्थापन झाले. १९५२ पासून औद्योगिक कामगारांच्या घरांना केंद्राचे अनुदान मिळू लागले. टिळक नगर, पंत नगर, कन्नमवार नगर या मंडळाच्याच वसाहती.

३/ हे नाव राज्याचे दुसरे मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचे. १९६३ मध्ये पदावर असतानाच त्यांचे निधन झाले.

४/ घरे लहान होती, पण आवाक्यातली. जमीन सार्वजनिक, बांधकाम सरकारी आणि कामावर जाण्यास लोकलचा पास. स्वस्ताई या तिन्हींवर उभी होती.

५/ १९७७ मध्ये मंडळाचा वारसा म्हाडाकडे आला. पुनर्विकासात रहिवाशांची संस्था विकासक नेमते. जुन्या कुटुंबास मोठे घर विनामूल्य मिळते. खर्च निघतो तो वाढीव घरे बाजारभावाने विकून.

६/ घर विनामूल्य, देखभाल मात्र नव्हे. लिफ्ट, पंप, वाहनतळ यांचा मासिक भार निवृत्त गृहस्थास जड जातो.

७/ पूर्वी स्वस्त घराचा भार शासनाने उचलला. आता तो बाजार उचलतो. जुना रहिवासी टिकेलही. पण आज शहरात येणाऱ्या कामगारासाठी नवे कन्नमवार नगर कोण बांधणार?