गोव्याची मोनिका आणि कॉन्स्टॅन्शियाची वाइन

केपटाउनहून आल्यापासून जो तो टेबल माउंटनबद्दल विचारतो. डोंगर सुंदर आहे, फोटो टाकीनच. पण आज लिहायचंय ते ग्रूट कॉन्स्टॅन्शियाबद्दल. शहरापासून अर्ध्या तासावरचा हा द्राक्षमळा १६८५ सालचा, म्हणजे संभाजीमहाराजांच्या कारकिर्दीतला!

केपमध्ये पहिली वाइन १६५९ साली निघाली. पण तिला खरं नाव मिळवून दिलं ते इथल्या मळ्याने. मस्कत जातीची द्राक्षं वेलीवरच सुकत ठेवायची, गोडवा आटून घट्ट झाला की मग खुडायची. ही गोड वाइन पुढे युरोपभर गाजली. सेंट हेलेनावर कैदेत असलेला नेपोलियनही ती मागवत असे. जेन ऑस्टिनच्या १८११ सालच्या कादंबरीत तर मोडलेल्या मनावरचा उतारा म्हणून ती येते.

फेरीत आम्हाला पिंपं दाखवली, १७९१ सालचं जुनं तळघर दाखवलं, मग टेस्टिंग. पेला तिरका धरून रंग पाहायचा, फिरवायचा, वास घ्यायचा, मग घोट. मधासारखी, पण शेवटी किंचित आंबट. आवडली. खोटं कशाला बोलू?

पण मी अडकले ती शेजारच्या वाड्यातल्या संग्रहालयात. तिथे गुलामांची माहिती मांडली आहे. हे मळे लावले, खुडले, तुडवले ते गुलामांनी. मादागास्कर, मोझांबिक, इंडोनेशिया आणि चक्क आपला हिंदुस्थान इथून डच कंपनीने माणसं विकत आणली होती. १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, तरी 'उमेदवारी'च्या नावाखाली १८३८ पर्यंत त्यांना धन्याकडेच राबावं लागलं. पुढेही कितीतरी वर्षं केपच्या मळ्यांवर मजुरीचा काही भाग वाइनच्या रूपातच दिला जाई. व्यसनाने घरंच्या घरं बसली.

आता खरी गंमत (गंमत म्हणावं का?) ऐका. मळा वसवणारा सिमॉन फान डेर स्टेल हा केपचा डच अधिकारी, पुढे १६९१ मध्ये गव्हर्नर झाला. त्याचा जन्म १६३९ चा. त्याच्या आईची आई कोण? तर कागदोपत्री 'गोव्याच्या किनाऱ्याची मोनिका', मुक्त झालेली एक गुलाम बाई! म्हणजे गुलाम आजीचा नातू गुलामांचा मालक झाला. त्याला आजी ठाऊक होती का, तिची आठवण निघत असे का, कोण जाणे.

गुलामांची नावं वाचताना मला आपली 'कर' वाली आडनावं आठवत राहिली. कुणी 'बंगालचा', कुणी 'मलबारचा'. आपल्या आडनावातलं गाव आपण अभिमानाने मिरवतो, सुट्टीत तिथे जातो, कुलदैवताला नारळ फोडतो. यांच्या नावातलं गाव धन्याच्या कारकुनाने वहीत ओळख पटावी म्हणून लिहिलेलं. आईने ठेवलेलं नाव बहुतेकांचं बोटीवरच संपलं.

मोनिका हे तरी तिचं मूळ नाव होतं का? गोव्याचे आमचे नातेवाईक हे वाचतीलच. पुढच्या वेळी समुद्राकडे पाहाल तेव्हा तिची आठवण काढा.