घोडी बदलताना

गेल्या जुलैत एका रात्री मी दुसऱ्याच्या बेस गिटारचा स्क्रू बाद केला.

बेस माझ्या कॉलेजच्या रूममेटचा. त्याच्या मामांनी अमेरिकेहून आणलेला, फेंडरचा जॅझ बेस. जर्मनीला नोकरीसाठी जाताना तो माझ्याकडे ठेवून गेला. "वाजवत राहा, पेटीत सडवू नकोस," एवढंच म्हणाला. ठाण्यातल्या माझ्या भाड्याच्या घरात त्या बेसने चार पावसाळे काढले. यंदा सगळ्यात जाड तार पडद्यांना लागून खरखरायला लागली, म्हणून ती जरा उचलावी म्हटलं. फर्निचरसोबत आलेली दीड मिलिमीटरची चावी घातली, गंजलेला स्क्रू हलेना, मी जोर लावला आणि आतला षटकोन गोल झाला. नंतर कळलं, स्क्रू इंची मापाचा होता. १/१६ इंच म्हणजे सुमारे १.५९ मिलिमीटर. फरक केसाएवढा, पण वाट लावायला तेवढा पुरतो.

आठपैकी तीन स्क्रू असेच धरून बसले होते. म्हणजे आता पूर्ण ब्रिजच बदलायचा.

गिटारवाले ज्याला ब्रिज म्हणतात त्याला आपल्या सतार-तंबोऱ्याच्या दुनियेत घोडी म्हणतात. गंमत म्हणजे घोडा त्यांनाही सुटलेला नाही. ब्रिजच्या ज्या तुकड्यावर तार टेकते त्याला ते सॅडल म्हणतात, म्हणजे खोगीर! प्रत्येक सॅडलला मागून एक लांब स्क्रू असतो, पुढेमागे सरकवायला. वरून दोन बारके असतात, उंचीसाठी. वाजणारी तार इथं संपते, त्यामुळे सूर खरा लागणार की खोटा, हे बरंचसं इथंच ठरतं.

नवा ब्रिज शोधायला बसलो तर जिकडेतिकडे एकच सल्ला: जड घ्या. भरीव, पितळी सॅडलचा, सूर लांबतो. मूळ ब्रिज म्हणजे काय, तर काटकोनात वाकवलेला पोलादी पत्रा. मी जड ब्रिज जवळजवळ मागवलाच होता. पण पैसे भरायच्या आधी एक प्रश्न पडला: हा पत्राच जर इतका टाकाऊ असेल, तर इतकी वर्षं टिकला कसा?

लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावातला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. शिक्षण हिशेबनिसाचं. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. वादकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि वस्तू सुधारत राहायची, ही त्याची पद्धत. तोवर बँडमध्ये बेस म्हणजे डबल बेस: माणसाहून उंच, न्यायला अवघड, ड्रम आणि ॲम्प्लिफायरपुढे ऐकू न येणारा. शिवाय त्याला पडदे नाहीत, सूर बोटाच्या अंदाजावर. लिओने १९५१ साली गिटारसारखा गळ्यात अडकवायचा, पडदे असलेला, विजेवर चालणारा बेस काढला. पडद्यांमुळे सूर नेमका लागणार, म्हणून नाव ठेवलं 'प्रिसिजन'.

पण त्या नेमकेपणातच एक खोट होती. तारा चार आणि सॅडल दोनच. तार पडद्यावर दाबली की थोडी ताणली जाते आणि सूर किंचित चढतो. किती चढणार, ते तारेच्या जाडीवर आणि ताठपणावर ठरतं. म्हणून प्रत्येक तारेला थोडी वेगळी लांबी द्यावी लागते. दोन तारांना एकच खोगीर असेल तर एकीचं जुळवताना दुसरीचं बिघडतं. १९५७ साली प्रिसिजनची नव्याने आखणी झाली तेव्हा चार तारांना चार सॅडल मिळाले. आमच्या भाषेत सांगायचं तर बग सहा वर्षांनी बंद झाला. आणि तो वाकवलेल्या पत्र्यावरच बंद झाला. सूर जुळवायला वजन लागत नाही, सरकायला जागा लागते.

मग वजन आलं कुठून? त्याआधी स्पंजची गोष्ट सांगायला हवी.

त्या काळी फेंडरच्या बेसवर ब्रिज झाकणारं एक चकचकीत धातूचं झाकण असायचं. त्याला वादक गमतीने ॲशट्रे म्हणत. आतल्या बाजूला स्पंजची पट्टी, तारांवर टेकलेली. म्हणजे सूर लांबू नये याची सोय कारखान्यातूनच! १९६० साली जॅझ बेस आला तेव्हा सुरुवातीला प्रत्येक तारेला वेगळा दाबही दिलेला होता. कारण लोकांच्या कानात डबल बेस होता. त्याचा छेडलेला सूर 'धुप्' करून उमटतो आणि विरतो. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचा जेम्स जेमरसन १९६२ चा प्रिसिजन वाजवायचा. सपाट वेटोळ्याच्या जाड तारा, ब्रिजजवळ स्पंज आणि तारा छेडायला उजव्या हाताचं फक्त एक बोट. साठच्या दशकातली मोटाउनची कितीतरी गाणी त्या विरणाऱ्या सुरावर उभी आहेत.

हे वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला. माझ्या रूममेटनेही ब्रिजजवळ तारांखाली स्पंजचा तुकडा खुपसलेला होता, भांडी घासायचा, हिरवा-पिवळा. बेस माझ्याकडे आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी तो काढून फेकला होता. मला वाटलं, कचरा आहे.

पुढे मागणीच बदलली. इंग्लंडच्या रोटोसाउंडने गोल वेटोळ्याच्या झगझगीत तारा आणल्या, द हूच्या जॉन एन्टविसलने त्या गाजवल्या. लॅरी ग्रॅहमने अंगठ्याने तार ठोकून वाजवणं रूढ केलं. आता बेसवाल्यांना मागे राहायचं नव्हतं, चमकायचं होतं. झाकणं निघाली, स्पंज गेले. सत्तरच्या दशकात लिओ क्वान या नावाने 'बॅडॅस' ब्रिज आला, जाड आणि भरीव. रश बँडच्या गेडी लीच्या आणि मार्कस मिलरच्या जॅझ बेसवर तोच दिसतो. वजनदार घोडी कमी हलते, तारेची ऊर्जा कमी खाते, असा त्यामागचा तर्क. त्याच्या सॅडलना खाचा नसायच्या, बसवणाऱ्याने कानशीने पाडायच्या. आपल्याकडे मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची घोडी घासून जवारी लावतात, ती तार घोडीला लागून गुंजावी म्हणून. इथली कानस नेमकी उलट कामासाठी!

लिओने आपली कंपनी १९६५ मध्ये सीबीएसला विकली होती. १९७६ मध्ये म्युझिक मॅनसाठी त्याने स्टिंगरे बेस केला. त्याचा ब्रिज चांगला दणकट होता, आणि तरीही त्यावर प्रत्येक तार दाबायची सोय होती. सूर किती लांबवायचा हे त्याने वाजवणाऱ्यावर सोडलं.

मी शेवटी वाकवलेल्या पत्र्याचाच ब्रिज घेतला. जड ब्रिज वाईट नव्हे. पण माझा आजार गंजाचा होता, सूर लवकर विरण्याचा नव्हता. आणि एखाद्याच पडद्यावर सूर मरत असेल, तर तो दोष बहुधा बेसच्या मानेच्या कंपनाचा असतो, ब्रिज बदलून जात नाही. घेण्याआधी तीन गोष्टी मोजल्या: स्क्रूची पाच भोकं जुन्या भोकांवर बसतात का, तारांमधलं अंतर तेच (साधारण १९ मिलिमीटर) आहे का आणि पत्र्याची जाडी तेवढीच आहे का. पत्रा जाड असला तर तारा उंच जातात आणि मग मानेचा कोनही बदलावा लागतो. जुना ब्रिज उचलला तर खाली लाकडावर एक उघडी तार दिसली. ती अर्थिंगची. ती नव्या पत्र्याखाली नीट दबली नाही तर ॲम्प्लिफायर घूं करत राहतो.

मग सूर लावला. बाराव्या पडद्यावर तार नुसत्या स्पर्शाने वाजवायची, मग तिथंच दाबून. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर पुढे. सरकवण्याआधी तार सैल करायची. आता वाजवून झालं की ब्रिज कोरड्या फडक्याने पुसतो, आणि पावसाळ्याआधी प्रत्येक स्क्रूला शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब, तोही काडीच्या टोकाने, लाकडाला न लावता. इंची चाव्यांचा वेगळा संच आणलाय. जुना ब्रिज, बाद स्क्रूसकट, डब्यात ठेवलाय. तो त्याचा आहे.

स्क्रूबद्दल रूममेटला दुसऱ्याच दिवशी फोन करून सांगितलं होतं. तो हसला. स्पंजबद्दल सांगायचं धाडस झालं नाही. डिसेंबरमध्ये तो येतोय. काल मी दुकानातून हिरवा-पिवळा स्पंज आणला, कात्रीने पट्टी कापली आणि तारांखाली सरकवली. 'धुप्' असा आवाज आला. चार वर्षांपूर्वी हॉस्टेलच्या भिंतीपलीकडून यायचा, अगदी तसा.