नोटर डेम: तळ्याकाठच्या एका कॅथलिक विद्यापीठाची घडण

अमेरिकेत खासगी कॅथलिक विद्यापीठ म्हणजे राज्य सरकारच्या मालकीचे नसलेले, विद्यार्थ्यांचे शुल्क, देणग्या आणि साठवलेल्या निधीचे उत्पन्न यांवर मुख्यतः उभे असलेले, आणि बहुधा एखाद्या धर्मसंघाने, म्हणजे ब्रह्मचर्य, दारिद्र्य व आज्ञापालन यांची व्रते घेतलेल्या धर्मगुरूंच्या व बंधूंच्या संघाने, स्थापन केलेले विद्यापीठ. अशा विद्यापीठांत इंडियाना राज्यातील साउथ बेंड शहरालगतच्या नोटर डेमचे नाव सर्वांत परिचित आहे, मात्र त्याची ओळख ज्ञानसाधनेपेक्षा आधी फुटबॉलमुळे झाली, या गोष्टीने त्याच्या इतिहासकारांना थोडे अवघडल्यासारखे वाटत आले आहे. तसे वाटण्याचे कारण नाही. परक्या देशात उपऱ्या ठरलेल्या एका समाजाने स्वतःसाठी उभारलेले हे घर होते, आणि 'आपले कोण' या प्रश्नाची उत्तरे तेथे वर्गखोलीइतकीच मैदानावर आणि वसतिगृहातही शोधली गेली.

एडवर्ड सोरँ हा फ्रेंच धर्मगुरू 26 नोव्हेंबर 1842 रोजी काही व्रतस्थ बंधूंसह या जागी पोहोचला, तेव्हा त्याचे वय 28 वर्षांचे होते. तो ल मां या फ्रेंच शहरात बाझिल मोरो यांनी स्थापन केलेल्या होली क्रॉस धर्मसंघाचा होता. व्हिन्सेन्सच्या बिशपने त्याला 524 एकर जमीन देऊ केली होती, पण दोन वर्षांत तेथे महाविद्यालय उभे करावे, या अटीवर. जमिनीवर दोन तळी होती. बर्फाने सारे झाकून गेल्यामुळे सोरँला एकच दिसले आणि म्हणून संस्थेच्या मूळ फ्रेंच नावात 'तळ्याकाठची आमची माता' असा एकवचनी उल्लेख आला, असे सांगितले जाते. 15 जानेवारी 1844 रोजी इंडियानाच्या विधिमंडळाने विद्यापीठाची सनद दिली. नाव विद्यापीठाचे असले तरी तेथे लहान मुलांची शाळा होती, अनाथ मुलांना सुतारकी-शिंपीकाम शिकवणारी कार्यशाळा होती, शेती होती, आणि महाविद्यालय त्या सगळ्यात एका कोपऱ्यात होते.

ही जमीन मोकळी पडलेली नव्हती. ती पोटावाटोमी या मूळ रहिवाशांच्या प्रदेशातली होती, आणि अमेरिकेत दीक्षा मिळालेला पहिला धर्मगुरू स्टीफन बादँ याने सोरँच्या आधीच, 1830 च्या दशकात, तेथे ओंडक्यांचे प्रार्थनामंदिर बांधून त्यांच्यात धर्मकार्य चालवले होते. 1838 मध्ये शासनाने सशस्त्र पहाऱ्यात आठशेहून अधिक पोटावाटोमी लोकांना इंडियानातून कॅन्ससकडे हाकलले; तो प्रवास 'मृत्यूची वाट' म्हणून नोंदला गेला. त्यांच्यासोबत चालत गेलेला तरुण धर्मगुरू बेंजामिन पेटी परतीच्या वाटेवर 1839 मध्ये वारला. पोकागॉन नावाच्या नेत्याभोवती एकवटलेला, कॅथलिक झालेला गट मात्र करार करून जवळच्या मिशिगनमध्ये टिकून राहिला. पेटीच्या अस्थी आज विद्यापीठाच्या आवारात, जुन्याच्या जागी 1906 साली नव्याने बांधलेल्या ओंडक्यांच्या मंदिरात आहेत.

सोरँ हा साधुपुरुषापेक्षा संस्थाचालक अधिक होता, आणि संस्थाचालकाला लागणारा बेरकीपणा त्याच्याकडे भरपूर होता. त्याने 1851 मध्ये आवारातच टपाल कार्यालय मिळवले आणि तो स्वतः पोस्टमास्तर झाला, कारण टपाल येते त्या वाटेने रस्ता येतो आणि रस्त्याने विद्यार्थी येतात, हे त्याला पक्के ठाऊक होते. कर्ज फेडण्यासाठी 1850 मध्ये त्याने काही बंधूंना थेट कॅलिफोर्नियाला सोने शोधायला धाडले. सोने काही हाती लागले नाही. भारतीय वाचकाला रस वाटावा अशीही एक नोंद याच काळातली आहे: धर्मसंघाने 1852 मध्ये सोरँची नेमणूक बंगालमधील नव्या मिशनवर केली, तेव्हा त्याने जायला साफ नकार दिला आणि आपली संस्था मूळ संघापासून काही काळ वेगळी असल्याचे जाहीर केले. पुढच्या वर्षी तो नमला, पण बंगालला गेला नाही. आज्ञापालनाचे व्रत घेतलेल्या माणसाची ही वागणूक क्षम्य ठरली, कारण संस्था त्याच्यावाचून उभी राहिली नसती.

23 एप्रिल 1879 रोजी मुख्य इमारत जळाली. सोरँ तेव्हा पासष्टीचा होता. विलोबी एडब्रुक या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार सप्टेंबरपर्यंत नवी इमारत वापरण्याजोगी झाली. तिच्या फिकट पिवळसर विटा आवारातल्याच तळ्यांच्या चुनखडीमिश्रित गाळापासून भाजलेल्या होत्या. घुमटाला सोन्याचा मुलामा चढला तो 1886 मध्ये. इमारतीच्या आत लुइजी ग्रेगोरी या इटालियन चित्रकाराने कोलंबसच्या आयुष्यावर बारा भित्तिचित्रे काढली. त्यांमागचा रोख उघड होता: कॅथलिकांना उपरे म्हणणाऱ्या प्रॉटेस्टंट अमेरिकेला, या भूमीचा शोध एका कॅथलिकाने लावला, याची आठवण करून द्यायची.

हा रोख पोकळ नव्हता. आयर्लंड, जर्मनी, पोलंड, इटली येथून आलेल्या कॅथलिक कामगारांच्या मुलांकडे संशयाने पाहिले जात होते, आणि 1920 च्या दशकात कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या प्रॉटेस्टंटांच्या गुप्त संघटनेचे इंडियानात मोठे प्रस्थ होते. 17 मे 1924 रोजी साउथ बेंडमध्ये क्लॅनचा मेळावा भरला, तेव्हा नोटर डेमचे विद्यार्थी रेल्वे स्थानकावर जमले आणि उतरणाऱ्यांचे पांढरे झगे व टोप्या त्यांनी ओरबाडल्या. क्लॅनच्या कार्यालयाच्या खिडकीत विजेच्या दिव्यांचा क्रॉस पेटवलेला होता. खालच्या किराणा दुकानातले बटाटे फेकून विद्यार्थ्यांनी त्याचे दिवे फोडल्याचे वर्णन सापडते. दोन दिवसांनी पुन्हा चकमक झाली. विद्यापीठाचे अध्यक्ष मॅथ्यू वॉल्श यांनी न्यायालयासमोरच्या स्मारकावर चढून मुलांना परत फिरवले.

त्याच वर्षी नूट रॉकनी या प्रशिक्षकाचा नोटर डेमचा फुटबॉल संघ देशभर अजिंक्य ठरला. 1918 ते 1930 या काळात त्याच्या संघांनी 105 सामने जिंकले, 12 गमावले, 5 बरोबरीत सोडवले. रॉकनी नॉर्वेतून आलेला आणि मूळचा लूथरपंथी होता. कॅथलिक तो 1925 मध्ये झाला. कॉलेजचे तोंडही न पाहिलेला न्यूयॉर्कचा कॅथलिक मजूर आता रेडिओला कान लावून या संघाला आपला म्हणू लागला. विरोधकांनी हिणवून वापरलेले 'लढाऊ आयरिश' हे नाव वॉल्श यांनी 1927 मध्ये अधिकृतपणे स्वीकारले. शिवी बिरुद झाली, ती अशी.

वसतिगृह हे या समाजाचे खरे एकक आहे. नव्या विद्यार्थ्याला वसतिगृह निवडता येत नाही, नेमून दिले जाते; पहिल्या वर्षाचा आणि शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी एकाच मजल्यावर राहतो; प्रत्येक वसतिगृहाला स्वतःचे प्रार्थनामंदिर आणि तेथेच राहणारा प्रमुख असतो. मुलामुलींची वसतिगृहे वेगळी असून एकमेकांकडे जाण्याच्या वेळा ठरलेल्या आहेत. इतर अमेरिकी विद्यापीठांत दिसणारी विद्यार्थ्यांची बंदिस्त मंडळे येथे नाहीत; त्यांची जागा वसतिगृहांनी घेतली. पदवी मिळेपर्यंत मुख्य इमारतीच्या पुढच्या पायऱ्या चढायच्या नाहीत, हा संकेत मुले मोठ्या निष्ठेने पाळतात. फ्रान्समधील लूर्दच्या गुहेची 1896 मध्ये उभारलेली छोटी प्रतिकृती परीक्षेच्या आदल्या रात्री मेणबत्त्यांनी उजळते.

या चौकटीला सर्वांत मोठा धक्का दिला तो थिओडोर हेसबर्ग यांनी, जे वयाच्या 35 व्या वर्षी, 1952 मध्ये, अध्यक्ष झाले आणि 1987 पर्यंत राहिले. 1967 मध्ये त्यांनी विद्यापीठाची सूत्रे धर्मसंघाकडून बहुसंख्येने संसारी सदस्य असलेल्या विश्वस्त मंडळाकडे सोपवली, आणि त्याच जुलैमध्ये कॅथलिक शिक्षणतज्ज्ञांच्या बैठकीत विद्यापीठाला कोणत्याही बाह्य अधिकारापासून, धर्माधिकाऱ्यांपासूनही, खरी स्वायत्तता हवी, असे निवेदन त्यांच्या पुढाकाराने संमत झाले. उत्क्रांतिवादाशी धर्माचा मेळ घालणारे येथील प्राध्यापक जॉन झाम यांच्या 1896 च्या पुस्तकावर रोमने बंदीचा निर्णय घेतला होता, हा याच विद्यापीठाचा अनुभव लक्षात घेतला, तर या पावलाचे वजन कळते. पदवी अभ्यासक्रमाला मुली आल्या त्या 1972 मध्ये. त्यांच्यासाठी बादँ आणि वॉल्श ही मुलांची दोन वसतिगृहे रिकामी करण्यात आली. तेथून निघालेली मुले नाराज होती, आणि स्वायत्ततेच्या निवेदनापेक्षा हा निर्णयच विद्यार्थ्यांना अधिक झोंबला असल्यास नवल नाही.

अध्यक्ष मात्र आजही होली क्रॉसचा धर्मगुरूच असावा लागतो. 2024 मध्ये रॉबर्ट डाउड हे अठरावे अध्यक्ष झाले. त्यांचे पूर्वसूरी जॉन जेंकिन्स यांनी 2019 च्या जानेवारीत कोलंबसची चित्रे झाकण्याचा निर्णय जाहीर केला, कारण एका उपऱ्या समाजाने स्वाभिमानाने रंगवून घेतलेली ती चित्रे पोटावाटोमींसारख्या मूळ रहिवाशांना अपमानाची वाटत होती. चित्रे भिंतीच्या गिलाव्यावरच रंगवलेली असल्याने ती हलवता येत नाहीत; त्यांच्यावर काढता येण्याजोगे विणलेले पडदे बसवले आहेत.